नायकिणीच्या हाताखाली

परळच्या एका गिरणीत मी वाइंडिंग खात्यात होते. तिथे सगळ्या बायाच. तुटलेल्या सुताला गाठ मारायची आणि बाबीन भरायची, हे काम. आमच्यावर देखरेखीला एक मुकादमीण होती, तिला नायकीण म्हणायचे. ती आधी आमच्यासारखीच गाठी मारायची, त्यामुळे तिला फसवता येत नसे. माझी भरलेली बाबीन ती सगळ्यांसमोर उलगडून टाकायची. "ही गाठ आहे का आवळा?" म्हणायची. बाया हसायच्या. मीही हसायचे, का ते माहीत नाही. मोरीला जायचं तर तिला विचारावं लागे, आणि मला ती हटकून थांबवायची.

सकाळी भोंगा वाजला की माझ्या पोटात ढवळायचं, खाल्लेलं बाहेर यायचं. सासूला वाटलं, दिवस गेले. तिने हौसेने चिंच आणून ठेवली. रविवारी मात्र मी सुकट-भाकरी चेपून खायचे, ते तिला कोड्यात टाकायचं. मी नवऱ्याला म्हटलं, काम सोडते. तो म्हणाला, सोड, पण नायकिणीला तोंडावर सांग. न सांगता घरी बसलीस तर पुन्हा कुठल्या खात्यात घेणार नाहीत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. हरताळ झाला आणि आमचं खातं मोर्चाला निघालं. मी ठरवलं, आजच सांगावं, गिरणीबाहेर ती काही नायकीण नाही. तिथेच चुकले. रस्त्यावरही तिने आम्हाला मशीनच्या क्रमाने उभं केलं, आणि ओळ मोडली म्हणून माझ्यावर ओरडली. लालबागला पोलिसांनी अश्रुधूर सोडला. पळापळ झाली. तिने मनगट धरून मला एका चाळीच्या नळावर नेलं आणि स्वतःचा पदर भिजवून माझ्या डोळ्यांवर धरला.

"चोळू नको गं. डोळे गेले तर उद्या सूत कसं दिसेल तुला?"

हे माझ्यासाठी होतं की सुतासाठी? तिचेही डोळे लाल झाले होते, ते तिने धुतले नव्हते. सांगायचं ते माझ्या तोंडातच राहिलं.

गिरणी सुरू झाली त्याच दिवशी तिने माझी बाबीन उलगडली. त्याच हाताने. तेव्हा मी सांगितलं, उद्यापासून येत नाही. ती एवढंच म्हणाली, "मशीन पुसून जा."

मी पुसलं. इतकं घासून का पुसलं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी घरीच शेगडी पेटवत होते. भोंगा वाजला आणि पुन्हा पोटात ढवळलं. मोरीकडे धावले. सासू उठली आणि चिंचेची बरणी शोधायला लागली.