भिंतीचे डोळे

तरुणपणी व्हॉलीबॉलच्या नेटपाशी उडी मारून भल्याभल्यांचे फटके अडवले, म्हणून सरांना 'भिंत' हे नाव पडलं. आता पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाव काही सुटलं नाही. दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणायचं आणि संध्याकाळी मैदानावर मुलींना ब्लॉक शिकवायचा, हा त्यांचा नेम.

संघातली सगळ्यात उंच पोरगी म्हणजे शिडी. सरांवर तिची भारी श्रद्धा. सर जसे वाकतील तशी वाकायची, हातांवर फुंकर मारतील तशी मारायची. पण समोरची फटका मारायला उडाली, की हिचे डोळे गच्च बंद! बॉल कानाजवळून सुसाट जायचा आणि ही हात वर करून उभी, पकडलेल्या चोरासारखी.

"अगं, डोळे उघड! मारणारीच्या खांद्याकडे बघ!" ओरडून ओरडून सरांचा घसा बसला. रविवारी निवड होती. तिथे डोळे मिटले की शिडी संघाबाहेर. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

शेवटी सरांनी बायकोला मैदानावर आणलं. काकू एके काळच्या नामांकित स्मॅशर. दोघांचं जमलंही नेटच्या दोन बाजूंना उभं राहूनच.

"मार जोरात," सर म्हणाले. "शिडी, माझ्याकडे नीट बघ हं!"

काकूंनी हाणला. सर उडाले. बॉल त्यांच्या बोटांना चाटून गेला.

"बघितलंस?"

"सर," शिडी चाचरत म्हणाली, "तुम्हीपण मिटलेत."

"छे! काहीतरीच काय!"

काकूंना हसू आवरेना. "अहो, पहिल्यापासून मिटता तुम्ही! हात लांब, म्हणून निभावलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझे फटके अडवले असतेत ना!"

मुली हसून लोटपोट झाल्या. सरांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर आपलंच बघून शिकली आणि आपणच तिला रोज झापत होतो!

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. "ये, दोघंही शिकू."

मग आठवडाभर नेटच्या एका बाजूला गुरू-शिष्या डोळे फाडून उभे आणि पलीकडून काकूंचा मारा. फटका मारताना बायको जीभ बाहेर काढते, हे सरांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

रविवारी निवडीच्या सामन्यात शिडी समोरचीच्या खांद्यावर टक लावून उडाली. धप्प! बॉल पलीकडे, मारणारीच्याच पायाशी.

"अहो, उघडा आता," बाकावर शेजारी बसलेल्या काकू सरांना म्हणाल्या, "अडवला तिने."