गुरुजींची ‘कणगी’ आणि माझं सूप

माणिक गुरुजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात ज्वारी पाखडत होते. परभणीहून त्यांचा मुलगा मुद्दाम पेडगावला आला होता. दारातच उभा राहून म्हणाला, “काकू, बाबा गेले... काई त्रास झाला न्हाई त्यांना.” माझ्या हातातलं सूप तिथंच थांबलं. आणि सांगायला लाज वाटते, पण रडता रडता मला हसू आलं. गुरुजी समोर असते तर पेन्सिल कानावर खोचून म्हणाले असते, “वैनी, ही ओळ ठेवायची.”

त्या हसण्यामागची गोष्ट निजामाच्या राज्यातली आहे. बाहेर कुठं तरी मोठी लढाई चालली होती आणि इकडं धान्याची ओढाताण. तेव्हा आमच्या गावानं आणि आसपासच्या वाड्यांनी मिळून एक भांडार काढलं. सुगीत प्रत्येक घरानं आपल्या राशीतली ज्वारी, तूर तिथं आणून टाकायची आणि पावसाळ्यात ज्याच्या घरात कमी पडेल त्यानं तिथून न्यायची. कागदोपत्री त्याचं लांबलचक उर्दू नाव होतं, लोक नुसतं ‘अंजुमन’ म्हणत. माझे यजमान तिथं धान्य तोलत आणि मी पाखडायला बसे. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, अक्षर ओळखीपुरतंच येत होतं. गुरुजी गावच्या शाळेत होते. दिवसभर मुलांना उर्दूतून शिकवायचं आणि शाळा सुटली की आमच्या ओसरीवर बसून मराठीत ‘कणगी’ लिहायची, हा त्यांचा नेम.

‘कणगी’ म्हणजे अंजुमनचं हातानं लिहिलेलं चार पानी पत्रक, नाव धान्य साठवायच्या कणगीवरून. महिन्यातून एकदा निघायचं. त्याच्या पाच प्रती गुरुजी स्वतः काढत आणि एकेक प्रत एकेका वाडीच्या पारावर वाचली जाई. ‘कणगी’ निघायच्या आधी अंजुमनचे पंच दवंडी देत, नियम सांगत, आणि ऐकणारा दुसऱ्या वाक्याला तंबाखू मळायला लागे. गुरुजींचं म्हणणं साधं होतं. “वैनी, नियम ऐकायला कोणी थांबत न्हाई. कोणाच्या तुरीला काय झालं, ते ऐकायला समदे थांबतात.” म्हणून ‘कणगी’ कधी नियमानं सुरू झाली नाही. कुणाच्या वेलाला केवढा भोपळा लागला, कुणाच्या सुनेनं करडईची भाजी कशी केली, तिथून सुरुवात, आणि त्याच्या आडोशानं अंजुमनचं काम. एकदा चौकीवरचा जवान हे काय लिहायलाय म्हणून दरडावत आला होता. गुरुजींनी त्याला भोपळ्याचा मजकूर वाचून दाखवला. तो जाताना बिया मागून गेला.

मजकूर तपासायची त्यांची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. कच्चा कागद ते मला वाचून दाखवत, पण माझ्या तोंडाकडं बघत नसत, सुपाकडं बघत. ज्या ओळीला सूप थांबेल ती राहायची, ज्या ओळीला चालूच राहील तिच्यावर काट. मी एकदा चिडून म्हणाले, “मला काय इचारायचं ते तोंडानं इचारा की.” तर म्हणाले, “तोंड भिडेला पडतंय. हात न्हाई पडत.” मला त्याचा लय अभिमान वाटे, खोटं कशाला बोलू? शाळा न शिकलेल्या बाईच्या हातावर एक गुरुजी आपलं लिहिणं पारखतो, ही काय साधी गोष्ट झाली?

त्या अभिमानानंच घात केला. एका चैत्रात गुरुजींनी ज्वारीला सोंडेकिडे लागू नयेत म्हणून धान्यात कडुलिंबाचा पाला घालायचं लिहिलं. झकास लिहिलं होतं, सूप दोनदा थांबलं. मग पुढची ओळ आली, ‘पाला सावलीत आठ दिवस वाळवून घ्यावा.’ सूप चालूच राहिलं. वर मीच म्हणाले, “हे तर समद्यांला ठावं हाय, गुरुजी.” त्यांनी काट मारली.

पंधरा-वीस दिवसांनी वाडीवरच्या रखमाबाई आमच्या ओसरीवर आल्या. पदरात मूठभर ज्वारी होती, ती त्यांनी गुरुजींच्या कागदावरच ओतली. काळपट, कुबट वासाची. “तुमच्या कागदात ऐकलं तसंच केलं. चांगला कवळा पाला तोडला अन् तसाच घातला. आमच्या घरात आजवर राखच घालायचे, पाला कोणी घातला हाय? आता घ्या वास.” त्यांच्या वाडीतल्या चार घरांचं असंच झालं होतं. घरची ज्वारी बुरसली, म्हणून अंजुमनमध्ये ठेवलेली काढून न्यायची, असं ती घरं म्हणू लागली. त्यांचं बघून आणखी घरं निघाली असती. मग पावसाळ्यात भांडार रिकामं पडलं की कुणाच्या दारात जायचं?

पंच गुरुजींना म्हणाले, लोकांनीच नीट ऐकलं नाही म्हणून सांगा. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून म्हणाले, “गुरुजी, चूक माझी हाय.” ते शांतपणे म्हणाले, “हात तुमचा चालला, काट मी मारली. अन् कागदावरनं चुकलंय तर कागदावरनंच सांगायचं.” ‘कणगी’च्या पहिल्या ओळीत त्यांनी आपलं नाव घालून चूक लिहिली. आपल्या वाट्याची ज्वारी त्या चार घरांना द्यावी, असंही लिहिलं. मग पाल्याची ओळ पुन्हा लिहायला घेतली. ‘पाला पूर्ण वाळवावा.’ सूप चालू. ‘ओल राहू देऊ नये.’ सूप चालू. पाच-सहा तऱ्हा झाल्या. शेवटी मी सूप आपटलं. “अवो, पाला मुठीत चुरला की पापडावानी कुरकुरला पाहिजे, एवढंच लिवा की!” गुरुजींनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं आणि तेवढंच लिहिलं. खाली माझं नाव घातलं. मी नको नको म्हणत होते.

बाजारच्या दिवशी त्यांनी ते स्वतः रखमाबाईंच्या वाडीच्या पारावर उभं राहून वाचलं. वाचून झालं तशा रखमाबाईच म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या आमची जवारी तिथंच. चुकलं म्हणणारा माणूस हाय तिथं.” एकाही घरानं धान्य काढलं नाही. त्या दिवसापासून ‘कणगी’त एक रीत पडली. कामाची ओळ असेल आणि सूप थांबत नसेल, तर ओळ काढायची नाही, सूप थांबेपर्यंत पुन्हा लिहायची. त्या नादात मीही लिहायला शिकले. आज हे चार शब्द लिहिते आहे, ते गुरुजींचं देणं आहे.

तेराव्याला परभणीला गेले होते. माणसांची गर्दी होती म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्यांची सून दळणासाठी डब्यातून ज्वारी काढत होती. मला म्हणाली, “बाबा दरसाल स्वतः घालायचे पाला. यंदाबी घातला, हात थरथरत होते तरी.” मी डब्यात हात घातला. एक डहाळी लागली. मुठीत धरून चुरली.

कुरकुरली.