दवाखान्यातली सोयरीक

बाळांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझा हात वर जात नव्हता ना? मग अंबाडा कोण बांधून देतं?" म्हणून आजच लिहायला बसले.

खांदा आखडला तेव्हा मला एकच धास्ती होती, आता केस कापावे लागणार. इथल्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांच्या समोरच आयुर्वेदाची खोली आहे. मधल्या बाकावर मला ती भेटली. जयगडकडची मासे विकणारी, डोक्यात अबोलीचा गजरा. तिचाही खांदाच धरला होता. वैद्यबाईंच्या तेलाची बाटली ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची आणि डॉक्टरांच्या गोळ्या वैद्यबाईंना दाखवायची.

"एकमेकांचं कशाला दाखवता?" मी विचारलं.

"सोयरीक जमवायची तर दोन्ही घरची माणसं समोरासमोर नको?" ती खळखळून हसली. "डॉक्टर दोन असले तरी खांदा एकच हाय गो बाय!"

मीही तसंच केलं. डॉक्टर हसत समोरच्या खोलीत गेले, आणि तेल कधी, व्यायाम कधी, हे दोघांनी मिळून ठरवलं. व्यायाम मात्र त्या मासेवालीने करवून घेतला. किनाऱ्यावर जाळं ओढतात तसे हात ओढायला लावून ती ओरडायची, "ओढ गो, सुरमई हाय!" सगळा बाक हसायचा.

एके सकाळी माझा हात डोक्यामागे पोचला. मी तिथेच अंबाडा बांधला. तिने स्वतःचा गजरा काढून त्यात खोवला.

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गजरा सुकला. अंबाडा अजून मीच बांधते.