हात्सुएने घासलेल्या फरश्या

हात्सुए,

आज तुझ्या, म्हणजे तुमच्या घराण्याच्या जुन्या, थडग्यापुढचं अंगण मी झाडलं, गवत उपटलं, पण दगडावरचं हिरवं शेवाळ तसंच ठेवलं. घासलं नाही. घासणं हे तुझं काम, आणि त्यातून काय होतं ते सगळ्या बेटाला माहीत आहे. ओबोनचा सण आठवड्यावर आलाय, तेव्हा पितरांना घरी यायचं आवतण द्यायला हवं. तुझ्या मुलाला ओसाकाहून निघता आलं नाही. मला, शाळेतल्या जुन्या बाईला, फोन करून म्हणाला, "सेन्सेई, तेवढं आईला सांगून या." सांगितलं. उदबत्त्या लावल्या. आता चिडायचं असेल तर शेवाळावर चिड, माझ्यावर नको.

दुसरं असं, की आपला समुद्र मोजणाऱ्या मंडळींची पुस्तिका निघतेय आणि त्यांना तुझ्याबद्दल मजकूर हवाय. मी म्हटलं देते, पण खरं लिहीन. तेव्हा आता तू मध्ये बोलू नकोस. जिवंत होतीस तेव्हा भरपूर बोललीस.

केदामोरी हात्सुए शेजारच्या बेटावरून लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं, आणि गेली तेव्हाही येत नव्हतं. यात नवल काही नाही. आमच्या बायका समुद्रात पोहत नाहीत, चालतात. किनारा आणि बाहेरचा प्रवाळाचा बांध यांच्यामधल्या उथळ पाण्याला आम्ही इनो म्हणतो. ओहोटीला इनोत पोटरीभर पाणी राहतं. तिथे शिंपले, समुद्रशेवाळ, नशीब असेल तर एखादा ऑक्टोपस, असं परसातली भाजी खुडावी तसं खुडून आणायचं.

तिचा नवरा एईजुन काचेच्या तळाची होडी चालवायचा. बाहेरून आलेले पाहुणे होडीत बसून काचेतून खालचं प्रवाळ बघायचे. त्या काचेला एका रात्रीत बुळबुळीत थर येतो. हात्सुए रोज सकाळी होडीखाली वाकून वाळक्या घोसाळ्याने ती काच घासायची. एईजुन म्हणायचा, "दुसऱ्यांच्या होडीतून समुद्र दिसतो, माझ्या होडीतून समुद्राचं मन दिसतं." ती म्हणायची, "मन नाही, माझी कंबर दिसते. मोडलेली."

झाडण्या-घासण्याचं तिचं वेड मात्र गावाच्या मानानेही जास्त होतं, आणि आमच्या गावात ते आधीच जास्त आहे. आमच्या गल्ल्या पांढऱ्या वाळूच्या. ज्याच्या घरापुढे जेवढी गल्ली तेवढी त्याने रोज सकाळी झाडायची, वाळूवर खराट्याच्या रेघा उमटल्या पाहिजेत. देवराई ज्या घराच्या वाट्याला येते, त्यांनी तिथलं पानन् पान उचलायचं. आमच्याकडे "हे जरा सांभाळा" म्हटलं की त्याचा अर्थ "हे स्वच्छ ठेवा" असाच होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एईजुन गेला, होडी किनाऱ्यावर पालथी पडली. मुलगा ओसाकाला. तो दर रविवारी फोन करायचा, "आई, इकडे ये, एक खोली रिकामीच आहे." हिचं उत्तर ठरलेलं, "समुद्र जिवंत आहे तोवर मी हलणार नाही. तो मेला की येते. मग इथे बसायचं कुणापाशी?" मुलाला वाटायचं, आई नाही म्हणतेय. समुद्र कधी मरतो का?

आणि मग तो उन्हाळा आला. एकही वादळ आलं नाही, पाणी ढवळलं गेलं नाही, नुसतं तापत राहिलं. इनोतलं प्रवाळ आधी पांढरं पडलं. इतकं सुंदर पांढरं, की पाहुणे फोटो काढायचे. मग त्यावर तपकिरी लव चढली. प्रवाळ मेलं, हे आम्ही समजलो.

तेव्हापासून विद्यापीठाची माणसं यायला लागली. त्यांची प्रमुख इगाराशी नावाची मुलगी, बर्फाच्या मुलखातली, उन्हाने नाक सोललेलं. ड्रोन उडवून वरून फोटो घ्यायचे, ते जोडून इनोचा नकाशा करायचा, नकाशात दिसलेलं खरं की खोटं ते पाण्यात उतरून बघायचं. मी शाळेत विज्ञान शिकवलेली. म्हातारपणीही पोहते. दर खेपेला पाण्याखाली मोजपट्टीचं एक टोक माझ्या हातात असायचं, दुसरं तिच्या. किती टक्के जिवंत, किती मेलेलं, किती नुसतं शेवाळ. तो आकडा दर वर्षी खालीच जायचा.

तिसऱ्या वर्षी इगाराशीने कौलाच्या मातीच्या तळहाताएवढ्या फरश्या आणल्या. वसंत सरताना पौर्णिमेच्या आसपास प्रवाळ अंडी सोडतं. पिल्लं पाण्यावर भटकतात आणि जागा आवडली तर चिकटून बसतात. ती बसायला म्हणून या फरश्या. काही इनोत, काही बाहेरच्या बांधावर खोल पाण्यात लोखंडी खिळ्यांवर बसवल्या. ओबोन झाला की काढायच्या आणि पिल्लं मोजायची. पिल्लं असली तर समुद्र परत उभा राहील. नसली तर नकाशावर आमचा इनो करड्या रंगात जाणार होता, म्हणजे आशा नाही.

हात्सुए रोज ओहोटीला तिथे जायचीच. इगाराशीने तिच्यापुढे वाकून, आजीला मारतात तशी हाक मारून सांगितलं, "ओबाआ, आतल्या फरश्या तुमच्या भरवशावर. जरा सांभाळाल ना?"

"सांभाळते की," हात्सुए म्हणाली. वरून शांत, पण घरी जाताना मला दोनदा सांगितलं, "सेन्सेई, मला सांगितलंय बरं का. तुला नाही."

ओबोन झाला. वादळ दुरूनच गेलं, पण बांधावर मोठ्या लाटा फुटत राहिल्या आणि बाहेरच्या फरश्यांपर्यंत जाता येईना. आतल्या तेवढ्या काढल्या. दोन दिवसांनी गावच्या सभागृहात इगाराशी उभी राहिली. हातात कागद होता, पण ती बघत होती जमिनीकडे.

"आतल्या फरश्यांवर एकही पिल्लू नाही," ती म्हणाली. "एकही. शेवाळसुद्धा नाही. इतक्या स्वच्छ फरश्या मी आजवर कुठेच पाहिल्या नाहीत. बहुतेक माशांनी खरवडून खाल्लं. बाहेरच्या बघायच्या आहेत, पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

माझ्या शेजारी हात्सुएचे डोळे भरले होते. पण "इतक्या स्वच्छ" हे शब्द आले तेव्हा तिने, कौतुक झालं की आमच्या बायका करतात तशी, मान जराशी खाली घातली. मी ते पाहिलं आणि त्यावर विचार केला नाही.

त्या संध्याकाळी तिने मुलाला फोन केला. येते म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून घर वाटायला काढलं. खराटा शेजारणीला, लोणच्याच्या बरण्या चुलत जावेला. माझ्याकडे ती आली सणाचं मोठं पातेलं हातगाडीवर घालून. डुकराच्या हाडांचं सूप सगळ्या गल्लीला पुरेल एवढं त्यात शिजायचं.

"हे ठेव. ओसाकाच्या खुराड्यात मावायचं नाही."

"मी एकटी बाई. मला काय करायचंय एवढं?"

"सेन्सेई लोक नुसती पुस्तकं उकडून खातात वाटतं. ठेव म्हणते ना."

आम्ही दोघींनी ते उचलून ओट्याखाली सरकवलं. ती पायरीवर बसली, टॉवेलने मान पुसली.

"समुद्र गेला तो गेला," ती म्हणाली. "पण माझ्याकडे कुणी बोट नाही दाखवणार. फरश्या कशा लख्ख होत्या, त्या पोरीने सगळ्यांसमोर सांगितलं."

"माशांनी खाल्ल्या म्हणून लख्ख."

"कसले मासे? मासे काय घोसाळं घेऊन येतात? मी घासल्या. ओबोनच्या आदल्या दिवशी, खिळ्यावरून काढून दोन्ही बाजूंनी. पितर समुद्रावरून यायचे आणि वाटेत ती घाण? बुळबुळ तर एका हाताने गेली. पण खालच्या बाजूला तांदळाच्या कणीसारखं काहीतरी चिकटलं होतं. जाता जाईना. शेवटी नखाने काढलं."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. माझे गुडघे त्यासाठी मला अजून शिव्या देतात.

"परत सांग. नखाने काय काढलंस?"

तिने सांगितलं. मग माझं तोंड बघून तिचाच आवाज बारीक झाला. "का गं? काय होतं ते?"

मला गोष्टी लपवता येत नाहीत. "पिल्लं असावीत," मी म्हणाले.

तिने आपली नखं डोळ्यांपुढे धरली. "म्हणजे मी मारली."

"मारलीस. पण नसती तर मारली कशी असतीस? ऊठ. आधी त्या मुलीला सांगू."

इगाराशी धक्क्यापाशी खानावळीत नूडल्स खात होती. हात्सुएने दारातच जमिनीला कपाळ टेकलं आणि सगळं सांगून टाकलं, घोसाळ्यासकट. इगाराशीने काड्या खाली ठेवल्या. तिचं एक वर्षाचं काम एका वाळक्या घोसाळ्याने पुसलं होतं. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मग ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"ओबाआ, उठा. चूक माझी आहे. सांभाळा म्हणाले, हात लावू नका असं म्हणालेच नाही."

"पण मग ती पिल्लंच होती ना?" हात्सुएने विचारलं.

"सांगता येत नाही. किड्यांच्या नळ्याही तशाच खरखरीत असतात. मला ते लिहिता येणार नाही."

"पण शून्यही लिहिता येणार नाही," मी म्हणाले. "शून्य वेगळं आणि माहीत नाही हे वेगळं. शाळेत पोरांना हेच शिकवण्यात माझा जन्म गेला."

इगाराशीने मान डोलावली. आता सगळं बाहेरच्या फरश्यांवर आलं. त्यांच्यापर्यंत हात्सुएचं घोसाळं पोचलं नव्हतं, कारण तिथे पाणी डोक्यावर होतं आणि तिला पोहता येत नव्हतं. मी तिला म्हटलंही, "पोहायला शिकली नाहीस तेच बरं झालं."

"ही काय वेळ आहे?" ती म्हणाली. पण हसली.

लाटा उतरेपर्यंत ती रोज सकाळी गल्लीच्या टोकाला येऊन बांधाकडे बघायची. खराटा देऊन टाकल्यामुळे हात मोकळे, ते कुठे ठेवावेत कळत नव्हतं. ओसाकाच्या विमानाचा दिवस जवळ येत होता. मुलाला तिने काहीच सांगितलं नव्हतं. पुन्हा नाही म्हणायचं आणि पुन्हा हो म्हणायचं, ते तिला नको होतं. बाहेर काही नसेल तर जायचं, एवढं तिने ठरवलं होतं, आणि मला ते माहीत होतं.

मग एका सकाळी बांधावरचा फेस नाहीसा झाला. आम्ही होडीने गेलो. हात्सुए हट्टाने आली आणि बांधाकडे पाठ करून बसली. इगाराशीने बुडी मारली. वर आली ती एक फरशी पाण्याच्या डब्यात धरून. फरशी हिरवी, केसाळ, बघवणार नाही इतकी घाणेरडी. इगाराशीने ती पाण्यातच उलटी केली, भिंग लावलं आणि तशीच वाकून राहिली. मी भिंग तिच्या हातातून ओढूनच घेतलं. तिळाएवढे, कडेला चुण्या पडलेले कप. मधोमध चांदणी. एक, शेजारी दुसरा, कडेला आणखी.

"हात्सुए, वळ."

ती वळली. भिंगावर वाकली, डोळे बारीक केले, भिंग पुढेमागे केलं.

"मला काही दिसत नाही. नुसती घाण दिसतेय."

"तीच," इगाराशी म्हणाली. "ओबाआ, तीच घाण."

हात्सुएने पुन्हा बघितलं. आता बराच वेळ. मग सरळ बसली आणि माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं, की तिथे नंतर निळं पडलं.

"अशीच होती," ती म्हणाली. "नखाला लागलेली. अगदी अशीच." आणि लगेच इगाराशीवर डाफरली, "बघितलंस ना? मग ठेव परत. आईपासून काढलेलं पोर किती वेळ डब्यात ठेवणार?"

बाकीच्या फरश्या मोजायला न्याव्या लागल्या, पण ती एक इगाराशीने परत खिळ्यावर बसवली. नकाशात त्या वर्षी बांधाला हिरवा रंग मिळाला आणि इनोवर आडव्या रेघा. आडव्या रेघा म्हणजे माहिती नाही. इतकी सुंदर माहिती-नाही मी कुठल्याच नकाशात पाहिलेली नाही.

धक्क्यावर पाय ठेवताच हात्सुएने मुलाला फोन लावला. "ती खोली कुणाला तरी भाड्याने दे," म्हणाली आणि ठेवला.

पुढच्या वर्षी इनोत नव्या फरश्या लागल्या. राखण तिचीच, अट एकच, हात पाठीमागे. ती खरंच हात पाठीशी बांधून पोटरीभर पाण्यात उभी राहायची आणि पाहुण्यांवर ओरडायची, "लांबून. तिकडे पोरं झोपलीत." त्या वर्षी आतल्या फरश्यांवरही पिल्लं निघाली. नंतर तिला बरीच वर्षं मिळाली. आकडा हळूहळू वर चढतोय, मध्येच घसरतो, पुन्हा चढतो. बांधावरची ती परत ठेवलेली फरशी आता दिसत नाही. तिच्यावर प्रवाळ वाढलंय, परातीएवढं. या उन्हाळ्यातही मी बुडी मारून बघून आले.

तर हात्सुए, झालं लिहून. एकच राहिलं. त्या दिवशी होडीतून उतरतानाच तू म्हणालीस, "उद्या माझं पातेलं आणून टाक." मी म्हटलं, माझ्या हातगाडीच्या चाकात हवा नाही, तूच ने. तू म्हणालीस, द्यायला मी आले, परत आणायचं तू. मग सणावाराला तूच माझ्याकडे येऊन त्यात सूप शिजवायला लागलीस, माझा ओटा तेलकट करून जायचीस, आणि जाताना दर वेळी दारातून ओरडायचीस, "उद्या आण गं, सेन्सेई." गेल्या हिवाळ्यातही तेच म्हणालीस. मी म्हटलं, वसंतात, थंडी सरू दे. ती सरायच्या आतच तू गेलीस. तुझ्या घरापर्यंत दोनच गल्ल्या आहेत. पातेलं अजून माझ्याच ओट्याखाली आहे.