गौराबाईनं काढलेला मध्य

पोशीरमध्ये कुणालाही विचारा, सांगतील, "गौराबाईनं लहानपणी शाळेचा लाकडी कंपास पळवला. चुलीमागं लपवलाय. म्हणून तर तिचा गोल कदी चुकत नाय."

साफ खोटं. गौराबाई शाळेत गेलीच नव्हती. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती शाळेच्या पायरीवर बसायची आणि गुरुजी फळ्यावर काय काढतात ते बघायची. कंपास गुरुजींजवळच राहिला. हिनं त्याची चाल तेवढी उचलली. घरी दोरी, दोन खुंट्या आणि अंगणातली माती, एवढ्यावर भूमिती पाठ. पण चोरीचा डाग लागला तो लागलाच, आणि तो तिला फार सलायचा.

एकसष्ट साली गावात शाळेची नवी खोली बांधायला निघाली. चुना मळायला गावाबाहेर जुनी घाणी होती. दगडी गोल चर, मधोमध खुंटा, आणि बैल खुंट्याभोवती फिरला की चरातून फिरणारं दगडी चाक. पुरात अर्धा चर वाहून गेला होता, खुंटाही गेला होता. खालापूरचा लडकू गवंडी अंदाजानं नवा खुंटा ठोकायचा आणि चाक दहा पावलांत चराच्या कडेला अडकायचं. चार वेळा अडकलं. हा लडकू बोलण्याआधी असा खाकरायचा, की वाटावं, आत कुणी भिंत पाडतंय.

"ख्ख... घाणीच वाकडी हाय."

"घाणी नाय वाकडी, लडकूदादा. तुमचा अंदाज वाकडा," गौराबाई म्हणाली. "मी काढते मध्य."

तिचा नवरा गोमा कानाशी पुटपुटला, "गप गं. भर गावात नाव जाईल."

"चोर म्हणून गेलंच हाय. हुकले तर येडी म्हणून जाईल."

खळं करायचं तर आधी खांब रोवायचा, मग त्याभोवती गोल आखायचा, ही गावाची रीत. गोलावरून खांब शोधायचं कुणाच्या डोक्यातच येईना. गौराबाईनं उरलेल्या चराच्या कडेवर तीन खुंट्या ठोकल्या. पहिल्या दोन खुंट्यांवरून एकाच मापाच्या दोरीनं मातीत कमानी ओढल्या. त्या जिथं एकमेकींना कापत होत्या, त्या दोन जागांवरून सरळ दोरी ताणली. दुसरी-तिसरीचंही तसंच. दोन ताणलेल्या दोऱ्या एका जागी आडव्या आल्या, लडकूच्या खुंट्यापासून चांगल्या दीड हातावर.

"इथं ठोका."

बैल जुंपला. उरलेल्या चरातून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, कडेला न लागता.

"ख्ख... बैल आज शाना हाय," लडकू म्हणाला. पण उरलेला अर्धा चर त्यानं तिच्याच दोरीनं आखला, आणि पुढं चौक गावापासून खोपोलीपर्यंतचे गवंडी मध्य विचारायला पोशीरला यायला लागले, ते त्याच्याच सांगण्यावरून.

मी तिची नात, दिवसभर तिच्या आवाजाची नक्कल करणारी. मला मात्र वाटायचं, करामत दोरीची. परवा कागदावर वाटी पालथी घालून मी गोल काढला आणि म्हटलं, "गौराआजी, दोरी नाय, खुंटी नाय. काढ मध्य. मी हरले तर महिनाभर तुझी नक्कल बंद."

तिनं माझ्या वहीचा कोपरा गोलाच्या रेघेवर टेकवला. वहीच्या दोन कडा गोलाला पुढं जिथं कापत होत्या, तिथं खुणा करून पट्टीनं जोडल्या. कोपरा सरकवून पुन्हा तसंच. दोन रेघा जिथं भेटल्या तिथं बोट ठेवलं.

"बघ गं मोजून."

मोजलं. केसाचाही फरक नव्हता. गेले दोन दिवस मी स्वतःच्याच आवाजात बोलतेय.