चाकांवरची भट्टी

माझी आत्या एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. सर्जनने न बघता हात पुढे करायचा आणि आत्याने त्यावर नेमकं हत्यार ठेवायचं. कात्री तर कात्री, चिमटा तर चिमटा. रिटायर झाली तेव्हा ती अठ्ठावन्नची होती. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या घराचा तळमजला आणि मागचं अंगण तिच्या नावावर होतं. वरच्या मजल्यावर आई, बाबा आणि मी.

निरोप समारंभानंतर आठवडाभराने ती हातगाडीवर ट्रकचा एक ब्रेक ड्रम घालून घेऊन आली. भंगारवाल्याने स्वतः गाडी ढकलत आणला होता. बाबांनी ते ओतीव लोखंडाचं जाडजूड टोपलं गॅलरीतून बघितलं.

"ताई, झाड लावणार का यात?"

"भट्टी करणार."

"कसली भट्टी?"

"लोहारकामाची. मला लोखंड तापवून ठोकायचंय."

बाबांना ती थट्टा वाटली. ते हसून आत गेले.

ड्रमच्या तळाच्या भोकावर तिने जाळी बसवली. खालून पाइप जोडला आणि निखाऱ्यांना वारा घालायला पाइपच्या तोंडाला, मला न विचारता, माझा हेअर ड्रायर लावला. ऐरण म्हणून रुळाचा हातभर तुकडा ओंडक्यावर उभा केला. सुताराकडून लाकडाचे तुकडे आणून ती ते पत्र्याच्या डब्यात झाकण घट्ट लावून भाजायची आणि कोळसा करायची. अंगावर थिएटरमधला जुना सुती गाऊन, डोळ्यांवर चष्मा, केस रुमालात करकचून बांधलेले. पहिल्या अर्ध्या तासात ड्रायरचं नाक वितळलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिने मला नवा आणून दिला आणि जुन्याला आणखी लांब पाइप लावून कामावर ठेवलं.

पहिला महिना तिच्या हातून काही म्हणजे काही धड झालं नाही. सळई वाकवायला जावं तर तुटायची. चाकू म्हणून जे केलं त्याने लोणीसुद्धा कापलं नसतं. दुसरा चाकू बरा जमला होता, पण तापलेलं पातं पाण्यात बुडवताच आतून टिण् असा आवाज आला आणि मधोमध चीर गेली. ती ते पातं बराच वेळ उलटसुलट करून बघत होती. मग वहीत लिहिलं, 'पाण्याने घाई केली. तेल वापरून बघणे.' ती वही थिएटरमधल्या रजिस्टरसारखीच होती. तारीख, काय केलं, काय बिघडलं.

मग ती आजारी पडली. वाऱ्याचा पाइप कमी पडला म्हणून तिने नळाच्या जुन्या पाइपचा एक तुकडा जोडून भट्टीत घातला होता. त्याच्यावरचा जस्ताचा मुलामा जळून पांढरा धूर झाला. संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला, तोंडाला धातूची चव आली, छाती दुखायला लागली. ती स्वतःच म्हणाली, "जस्ताचा धूर गेलाय आत. उद्यापर्यंत उतरेल. नाही उतरला तर हॉस्पिटलात नेऊन टाका."

उतरला. पण बाबांच्या हातात आयतं कोलीत मिळालं.

"झालं समाधान? आता तरी बंद कर. लोक मला विचारतात, तुमच्या बहिणीला झालंय तरी काय."

"त्यांना सांग, ताप आला होता. उतरला."

"ताई, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. चूक माझी होती, भट्टीची नाही. मुलामा न बघता पाइप उचलला. पुन्हा उचलणार नाही." चौथ्या दिवशी ती बिनमुलाम्याचा काळा पाइप शोधायला भंगारवाल्याकडे गेली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "आत्या, विणकाम आहे, बागकाम आहे, हेच कशाला?"

"एकतीस वर्षं चांगलं पोलाद हातात घेतलं आणि दुसऱ्याच्या हातात दिलं. दिलं की माझं काम संपलं. आता मला ते द्यायचं नाहीये."

वसाहतीच्या कमिटीची नोटीस आली ती त्यानंतर. अध्यक्ष आमच्या समोरच्याच घरात राहायचे. गोरेपान, इस्त्रीचे कपडे, बोलणं अगदी मऊ. नोटिशीत एकच ओळ होती: 'आवारात कोणत्याही प्रकारची भट्टी बसवू नये.'

आत्याने ती दोनदा वाचली आणि पिशवी घेऊन बाहेर पडली. परत आली ती हॉस्पिटलातून भंगारात गेलेली रुग्णांची एक ट्रॉली ढकलत. दोन दिवसांत ट्रॉलीवर विटा, विटांवर ड्रम, खालच्या कप्प्यात कोळसा, कडेला सांडशी आणि हातोडे टांगलेले. अध्यक्ष फाटकाशी येऊन उभे राहिले तेव्हा तिने भट्टी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला ढकलत नेऊन दाखवली. एक चाक कुईकुई करत होतं.

"बसवलेली नाही," ती म्हणाली. "चालते."

अध्यक्षांना हसू आवरलं नाही, पण त्यांनी सभा बोलावलीच. सगळे जमले. बाबा शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. अध्यक्षांनी तक्रारी वाचल्या. धूर येतो. आवाज होतो. आग लागू शकते. आणि शेवटी, आवाज आणखी मऊ करून, "शिवाय या वयाच्या, सुशिक्षित स्त्रीला हे शोभत नाही, असं अनेकांचं मत आहे."

आत्या उठली.

"धूर येतो, मान्य. कोळसा भाजताना येतो. आवाज होतो, मान्य. तुमच्या घराच्या फरशा चार महिने फुटत होत्या, तेवढा नाही, पण होतो. आग म्हणाल तर वाळूची बादली, पाण्याचं पिंप आणि मी, तिघं तिथे असतो. आता चौथा मुद्दा. शोभत नाही हे कुठल्या नियमात बसतं?"

"अहो सिस्टर, नियम असा नाही, पण लोकांना वाटतं..."

"मग ते सभेच्या वृत्तांतात लिहा. शोभत नाही म्हणून बंदी. खाली ज्यांना वाटतं त्यांनी सह्या करा. मी कागद भिंतीवर लावीन."

कोणी पेन उचललं नाही. खुर्च्या तेवढ्या वाजल्या. अध्यक्षांनी चौथा मुद्दा खोडला आणि धुराचा ठराव मतदानाला टाकला. तो मात्र भरपूर मतांनी मंजूर झाला. आवारात कोळसा जाळायचा नाही, चाकांवर असो की नसो.

"हा नियम आहे," आत्या म्हणाली. "हा मी पाळीन."

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भट्टीची ट्रॉली ढकलत फाटकाबाहेर पडली. वसाहतीच्या भर रस्त्यातून, ऐन गर्दीच्या वेळी, सव्वा किलोमीटर. लोक गॅलरीत आले. अध्यक्षांनी गाडी काढली होती, ती त्यांना तिच्यामागे हळूहळू चालवावी लागली. तिने बाजू दिली नाही. भंगारवाल्याने त्याच्या आवारातला एक कोपरा झाडून ठेवला होता. भाडं विचारलं तर म्हणाला, "माझ्या पहारींना धार लावून द्या. बाजारात नेऊन नेऊन कंटाळा आलाय."

तिथे तिचं काम सुधारलं. गाड्यांच्या स्प्रिंगांचे जुने पोलादी कमानपट्टे तिला तिथे हवे तितके मिळायचे. पोलाद पुरेसं तापलं की लोहचुंबक त्याला चिकटत नाही, हे तिने शोधून काढलं, पातं नेमकं कधी बुडवायचं ते कळलं आणि मग तिची पाती तेलात जाऊनही शाबूत राहायला लागली. सांडश्या, छिन्न्या, बिजागऱ्या, खुरपी. तिने काही विकलं नाही. बाबा एकदाही बघायला गेले नाहीत. आजही ते तिच्या छंदाला 'ते तुझं' म्हणतात. ती त्यांना समजवायला जात नाही.

आता ती एकाहत्तरची आहे. गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. हाडांच्या डॉक्टरांनी, जे तिच्याच थिएटरमध्ये शिकले होते, फोटो बघून सांगितलं, "सिस्टर, हातोडा कायमचा बंद."

"हातातला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पायाने मारता येतो का ते बघते."

सायकलचं पायडल, दरवाज्याची स्प्रिंग आणि लोखंडी चौकट. तीन महिने ती त्या पायाच्या हातोड्याशी झगडत होती. पहिल्या खेपेला हातोड्याचं डोकं निघून पत्र्यावर आदळलं, दुसऱ्या खेपेला चौकटच वाकली. वहीची सहा पानं भरली. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा तापलेला कमानपट्टा डाव्या हातातल्या सांडशीत होता आणि ती पायाने घाव घालत होती. घाव अजून सरळ पडत नव्हते, पट्टा एका बाजूला पातळ होत होता. मी म्हटलं, "आत्या, जरा बस."

तिने पट्टा पुन्हा निखाऱ्यात सारला.

"लाल व्हायला दोन मिनिटं लागतात," ती म्हणाली. "तेवढी बसते."