कपाटातले कोरे बूट

वस्तू वापरल्याने संपतात आणि न वापरल्याने अमर होतात, या सिद्धांतावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस साऱ्या चेन्नईत दुसरा नसेल. त्यांच्या सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. उन्हाळ्यात त्यावरून उठताना असा काही आवाज होई, की पाहुणे पुन्हा बसत नसत आणि सोफा आणखी नवा राही. घड्याळाच्या काचेवरची पातळ झिल्ली त्यांनी कधी सोलली नव्हती, त्यामुळे वेळ त्यांना नेहमी धुक्यातून दिसे. पण कमाल छत्रीची. एकदा मांबलम स्टेशनवरून आम्ही भर पावसात परतत होतो. मामांनी काखेतली छत्री काढली, शर्टाच्या आत घातली आणि वरून बटणं लावली.

"मामा, उघडा की!" मी ओरडलो.

"नवी आहे रे," ते म्हणाले, "भिजेल."

मामा तंजावरकडचे. तिकडच्या मराठी घरांतली जुनी भाषा ते तमिळ सुरात बोलत. नोकरीसाठी नाशिकहून इथे आलेल्या माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटे. "बोलतोस कीं बस पकडतोस?" असं विचारत. वेलचेरीतल्या एका लहानशा प्राथमिक शाळेत ते मुलांना खेळ शिकवत. मुलं त्यांना पीटी सार म्हणत. गळ्यात शिट्टी असे, पण शर्यत ते टाळी वाजवून सुरू करत. शिट्टी शाळेची होती, नवी होती.

मामांचं हे वेड घरचं नव्हे, शाळेतून आणलेलं होतं, हे मला उशिरा कळलं. गरीब मुलांसाठी आणि खेळासाठी त्या शाळेला दरवर्षी जादा अनुदान येई. गरिबीचं आणि खेळाचं अनुदान एकत्र आलं की त्यातून सर्वांत आधी मंडप जन्माला येतो. मग कमान, मग संस्थाचालकांचं हात जोडलेलं भलंमोठं छायाचित्र, मग पाहुण्यांच्या शाली. एवढं होऊन जे उरे त्यातून चेंडू, दोऱ्या आणि बूट येत, आणि ते थेट मामांच्या ताब्यातल्या लोखंडी कपाटात जात. कारण पुढे तपासणी असे. फुटलेला चेंडू म्हणजे मास्तरांचा निष्काळजीपणा आणि कोरा चेंडू म्हणजे अनुदानाचा योग्य विनियोग. नोकरीच्या सुरुवातीला मामांच्या हातून एक कॅरम बोर्ड मुलांनी खेळून खेळून झिजवला होता. त्याबद्दल भर सभेत ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी कायमचं मनाला लावून घेतलं. तेव्हापासून मुलांना ते एकच धडा देत, "कांहीं हरवायचें नाहीं, कांहीं मोडायचें नाहीं. तपासणीला सगळें दिसलें पाहिजे."

क्रीडादिनाला ते मला एकदा घेऊन गेले. प्रमुख पाहुणे येईपर्यंत मुलं उन्हात उभी होती. आल्यावर पाहुण्यांनी खेळाचं महत्त्व सांगितलं, तेही बराच वेळ, तेही मुलं उभी असतानाच. मग संचलन झालं. सगळ्यांच्या पायांत अनुदानाचे पांढरेशुभ्र बूट. फोटो निघाले. लगेच मामांनी टाळी वाजवली, मुलांनी बूट काढले, पुसले, ओळीत ठेवले आणि अनवाणी धावायला गेली.

"मामा, बूट धावण्यासाठी असतात," मी म्हटलं.

"तें मलाही ठाऊक आहे," मामा ओळीतला एक तिरका बूट सरळ करत म्हणाले. "तपासणीवाल्यांना सांग."

त्या दिवशी सगळ्या शर्यती सेल्वी नावाच्या पाचवीतल्या मुलीने जिंकल्या. आई चार घरची धुणीभांडी करणारी, वडील नसल्यात जमा. पोरगी मात्र अशी पळे, की बाकीच्यांना आपण चालतोय असं वाटावं. एका क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. तिथे निवड झाली की राहणं, जेवण, पुढचं शिक्षण, सगळं मिळणार होतं. पाचवीनंतर तिची ही शाळा संपणार होती आणि त्याच वर्षी मामाही निवृत्त होणार होते. मामांच्या आयुष्यात वसतिगृहापर्यंत पोचू शकेल अशी ही एकच मुलगी आली होती.

चाचणीच्या सकाळी मामांनी अघटित केलं. मुख्याध्यापिकाबाई "सार, तपासणी पुढच्याच आठवड्यात आहे!" म्हणत असताना त्यांनी कपाट उघडलं आणि सगळ्यांत मागचा, संचलनालाही कधी न वापरलेला जोड बाहेर काढला. "तपासणीला मी उभा राहीन," ते म्हणाले. मी सोबत होतो. मैदानावर इतर मुलींच्या पायांत झकास बूट होते.

"सार, नको. मी अशीच धावते," सेल्वी म्हणाली.

"सगळ्यांच्या पायांत असतील आणि तुझ्याच नसतील, हें मला बघवणार नाहीं, कण्णा, बाळा," म्हणून मामा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी स्वतः तिच्या नाड्या बांधल्या.

अर्ध्या फेरीपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. मग तिच्या उजव्या बुटाचा सोल निखळला आणि मागे पडला. समुद्राकाठच्या दमट हवेत बंद कपाटात वर्षानुवर्षं राहून तो आतून कुजला होता. वरून मात्र कोरा. तिने तसंच पळत राहायला हवं होतं. पळालीही असती. पण ती थांबली, मागे वळली, सोल उचलला आणि तो हातात धरून पुन्हा धावू लागली. तोवर सगळ्या पुढे गेल्या होत्या. "धावते चांगली, पण लक्ष नाही," निवड करणारे गृहस्थ आपसांत म्हणाले.

सेल्वी धापा टाकत आली आणि तिने सोल मामांच्या हातात ठेवला. "हरवू दिला नाही, सार. तपासणीला लागेल ना?"

मामांनी तो खिशात घातला. आल्या वाटेने आम्ही परतलो. सोल त्यांच्या खिशातून डोकावत होता.

आता मामा निवृत्त आहेत. सोफ्याचं प्लास्टिक गेलं, घड्याळाची झिल्लीही. सेल्वी वस्तीतल्याच मोठ्या शाळेत जाते. धाकट्या भावाला सांभाळून वेळ मिळाला, तर संध्याकाळी जुन्या शाळेच्या मैदानात धावायला येते, बहुधा येत नाही. मामा रोज लोकल पकडून तिथे जातात. परवा धो धो पाऊस होता. मामा जिन्याच्या दारात उभे राहून छत्री उघडत होते. इतकी वर्षं घडीत राहून तिचं कापड घडीघडीवर विरलं होतं, आणि उघडताच त्यातून आभाळ दिसलं.

"मामा, मैदानात गुडघाभर पाणी असेल. ती कशी येईल?"

"येणार नाहींच," मामा म्हणाले. "पण आली, तर कोणी तरी असावें."

आणि ती गळकी छत्री डोक्यावर धरून ते भिजत भिजत स्टेशनाकडे निघाले.